दासगावची लाँच
परवा महाडच्या बाजारपेठेत एका दुकानात साचलेलं पाणी उपसायला पंप सुरू झाला आणि डिझेलच्या वासानं मी थेट दासगावच्या धक्क्यावर पोचले. पूर्वी तिथून सावित्रीतून बाणकोटला लाँच जायची. मी आठ वर्षांची होते. बाबा शाळेत शिकवायला गेल्यावर आई म्हणाली, "चल गो, लाँचीतून फिरून येऊ." तिनं मोठी पिशवी भरली, त्यात माझी वह्या-पुस्तकंही घातली. फिरायला जाताना पुस्तकं कशाला, हे मला कळेना. बाणकोटला आमचं कोणी नव्हतं. लाँचीत सुक्या मासळीच्या टोपल्या होत्या, इंजिनानं पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या, भरतीचं गढूळ पाणी चढत होतं. खलाशानं दोर सोडायला घेतला, तोच आईनं माझा दंड धरला आणि आम्ही धक्क्यावर उतरलो. "बाई, पिशवी ऱ्हायली तुमची!" खलाशी ओरडला. आईनं मागे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी एका शब्दानंही न विचारता मला नवी पुस्तकं आणून दिली. पुढे लाँच बंद झाली, बाबा गेले, आणि तो विषय कधी निघालाच नाही. परवा मात्र राहवेना म्हणून घरी येऊन आईला विचारलं, "तेव्हा आपण लाँचीतून का उतरलो?" "तूच रडत होतीस ना, बाबा पायजेत म्हणून," ती म्हणाली. मी रडले नव्हते. मला त्या लाँचीतून जायचंच होतं, हे मला पक्कं आठवतं; निदान परवापर्यंत तरी आठवत होतं.