न बुडणाऱ्या सूर्याच्या मुलखात

लांबच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या धरतीवर जायचं आम्ही ठरवलं ते दुसऱ्या मोठ्या लढाईत, इराकातल्या बसऱ्याच्या मिलिटरी इस्पितळात. आम्ही म्हणजे मी, पलूसचा, चौथीत शाळा सोडलेला, आणि माझ्या पलटणीतला आटपाडीचा शौकत. त्याच्या घरचा धंदा शिवणकाम. लॉरीची टाकी भडकली आणि त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या आल्या. त्या सुटल्यावर सुईत दोरा ओवता येईल की नाही, डॉक्टर सांगेना. शौकत जेवेना. वायरलेसवाला हवालदार एकदा म्हणाला होता, प्रत्येक तारा सूर्यच, त्याच्याभोवती धरत्या असतील. एखादी तर सूर्याकडं कायम एकच तोंड करून राहत असेल. मी दुपारी खाटेजवळ बसलो आणि म्हटलं, "चल गड्या, बसल्या जागी जाऊन येऊ."

तुम्हाला जायचं असेल तर सांगतो. वाटेत ना स्टेशन, ना चहा. उजेडालाच पोचायला वर्षं लागतात. कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर घ्या, आणि सोबती बोलका बघा.

उतरल्याबरोबर पाय जड होतात. पाण्याची घागर दोघांनी उचलावी लागते. सूर्य तांबडा, सुपाएवढा, माळाच्या कडेला टेकलेला. वर चढत नाही, खाली जात नाही. सावल्या लांबलचक, जिथल्या तिथं. वारा मात्र अखंड, अंधाऱ्या बाजूकडून. मी म्हटलं, इथं उफणणीला वाऱ्याची वाट बघायला नको, पाटी वर धरली की झालं. आमचा बाप आठवला, खळ्यात तोंड वर करून वाऱ्याला शिव्या देणारा. शौकत त्यावर पहिल्यांदा हसला.

रमजान चालू होता. डॉक्टरनं रोजाला मनाई केली होती, ते त्याला लय लागलेलं. त्यानं विचारलं, "सूर्य बुडतच न्हाई, तर रोजा सोडायचा कवा रं?"

मी सांगितलं, अंधाराकडं चालत निघायचं. टेकडी ओलांडली की सूर्य मागं बुडतो. तिथं रोजा सोडायचा आणि माघारी यायचं.

त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. "म्हंजे अंधारात जाऊन परत येता येतं."

"येतं की."

"मग जेवाय आण."

पट्ट्या सुटल्या. त्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्याला घरी धाडलं. पलटणीतनं सुटल्यावर मी बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला लागलो. त्या धगीत मला त्या मुलखातला गार वारा किती वेळा आठवला असेल.

पेट्रोलची टंचाई, म्हणून रजेत विट्याहून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं आटपाडीला गेलो. चढाला सगळ्यांनी उतरून ढकलली. शौकतच्या दुकानात शिवणाचं मशीन चालू होतं. त्याची बायको हलीमा सुई ओवून द्यायची, तो बोटांनी शिवण चाचपत पुढं न्यायचा, आणि बसलेल्या गिऱ्हाइकांना आमचा तो मुलूख सांगत होता. टेकडीपलीकडची गोठलेली नदी, तिच्यावर चालताना येणारा आवाज, चेहरा न बघता हाकेवरनं ओळखणारी माणसं. यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं.

हलीमा म्हणाली, "भावजी, तुमी एवढ्या लांब गेलता व्हय?"

"न्हाई वैनी. मी टेकडीवरनंच माघारी आलो."

शौकतनं मशीनवरचा पाय थांबवला. "बस रं," म्हणाला, "पुढचं सांगतो."