फ्लाविया वकीलबाई आणि नाकतोड्यांचं कुळ

कंपालाच्या न्तिंडा भागात, वेण्या घालून देणाऱ्या बायकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, फ्लाविया बाबिर्येची वकिली चालायची. कॉलेजात असताना तिला खुनाचे खटले लढवायचे होते. नशिबी आल्या जाहिराती बनवणाऱ्या एजन्सी. तिचे वडील मसाकाला मुख्याध्यापक होते. लेक काय करते असं कुणी विचारलं, की ते घसा खाकरून "कायद्यात आहे" एवढंच म्हणायचे आणि बोलणं केळीच्या बागेकडे वळवायचे.

फ्लावियाला मात्र हे काम मनापासून आवडायचं. साबणवाल्यांनी ‘देशातला सर्वांत सुगंधी साबण’ लिहिलं, की ही विचारणार, "सगळ्यांचे वास घेतले कुणी?" कुणी ‘अख्ख्या युगांडाची आवड’ लिहिलं, की ही म्हणणार, "अख्ख्या म्हणजे? माझ्या आईला विचारलंत? तिला नाही आवडत." शेवटी फलकावर ‘बऱ्याच जणांची आवड’ असं छापलं जायचं आणि एजन्सीतली मंडळी कपाळ बडवून घ्यायची. पाठीमागे तिला ‘ब्रेकबाई’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

या मंडळींत सगळ्यात वांड होता सायमन ओटिम. उत्तरेकडून आलेला, बोलायला गोड, डोक्यात कल्पनांचा नुसता सुळसुळाट. नोव्हेंबरात नाकतोड्यांचा हंगाम सुरू झाला आणि तळलेले नाकतोडे पाकिटात घालून विकणाऱ्या एका कंपनीचं काम त्याला मिळालं. मजकूर त्याने फ्लावियाला दाखवला. तिने नेहमीप्रमाणे त्यातले चार ‘सर्वांत’ खोडले.

"आणि फोटोतला माणूस कोण? त्याची संमती घेतलीस?"

"घेतली ना, मॅडम."

"लेखी?"

"मॅडम, तो माझ्याकडे बघून हसला."

"हसणं कोर्टात चालत नाही, ओटिम. सही घे."

"घेतो, घेतो," म्हणत ओटिम गेला, आणि पुढच्या सोमवारी वांडेगेयाच्या चौकात दुमजली घराएवढा फलक उभा राहिला. त्यावर एक भरल्या गालांचा माणूस डोळे मिटून, जणू स्वर्गात बसून, नाकतोडे चावत होता.

त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी ओटिमचा फोन आला. आवाज इतका बारीक, की फ्लावियाने खालच्या बायकांना गप्प बसायला सांगितलं.

"मॅडम, फलकावरचा माणूस इथे आलाय. एका म्हाताऱ्याला घेऊन आलाय. म्हातारा काहीच बोलत नाहीये. नुसता बघतोय."

"माणसाचं नाव काय?"

"लिओन्सियो कालिब्बाला."

फ्लाविया खुर्चीतून उठलीच. "कालिब्बाला? अरे गाढवा, नावच सांगतं, तो नाकतोड्यांच्या कुळातला आहे! नाकतोडा त्याचं देवक! तू त्या माणसाला त्याचं देवक खायला घातलंस, तेही भर चौकात!"

"पण मॅडम, तो शेंगदाणे खात होता! फुटबॉलच्या मैदानावर. नाकतोडे आम्ही नंतर कॉम्प्युटरवर घातले."

"हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस," म्हणून ती मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून निघाली.

एजन्सीत रंगीबेरंगी गाद्यांवर दोघे बसले होते. म्हातारा पांढऱ्या पायघोळ झग्यावर काळा कोट घालून आलेला. सगळे त्याला जाज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत. फ्लावियाने घट्ट स्कर्ट कसाबसा सावरत गुडघे टेकून नमस्कार केला. कुठेतरी शिवण उसवल्याचा आवाज झाला. कुणी हसलं नाही.

"तुझं कुळ कुठलं, पोरी?" जाज्जांनी विचारलं.

"माकडाचं, जाज्जा."

"नशीबवान आहेस. माकडाला कुणी मीठ लावून पाकिटात भरत नाही."

कालिब्बाला आता पुढे सरसावला. मागणी घालायच्या समारंभात मुलाकडच्यांच्या वतीने बोलायचं, हा त्याचा धंदा. मुलीकडचा बोलका टोमणे मारणार, हा त्याला परतवणार, मांडवातली माणसं पोट धरून हसणार. असा माणूस.

"बाई, शनिवारी मी मुकोनोला उभा राहिलो. अजून तोंड उघडलं नव्हतं. समोरचा बोलका म्हणाला, ‘पाहुणे, आधी ओठांवर चिकटलेला तुमचा चुलता पुसा.’ चारशे माणसं हसली! नवऱ्यामुलाची आईसुद्धा! वीस वर्षांत मी गप्प बसलो नव्हतो. शनिवारी बसलो. माझी बायको दोन दिवस मला ताटात नुसती केळी वाढते आणि म्हणते, बाकीचं तुम्ही बाहेर खाऊन येता."

फ्लावियाला हसू येत होतं. ते तिने दातांखाली धरलं. "फलक आजच उतरेल," ती म्हणाली. "आणि आम्ही जाहीर निवेदन देऊ. ‘झाल्या प्रकाराबद्दल एजन्सीला खेद वाटतो.’"

"प्रकार झाला?" कालिब्बाला म्हणाला. "आपोआप? फोटो काय स्वतः चालत जाऊन फलकावर चढला?"

"‘अनवधानाने काही भावना दुखावल्या असल्यास...’"

"असल्यास! जाज्जा, ऐकलंत? दुखावल्या असल्यास! बाई, मी तुमच्या पायावर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘पाय दुखत असल्यास खेद आहे,’ तर तुम्ही मला काय म्हणाल?"

चूक कबूल करायची नाही, हे फ्लावियाला कायद्याच्या पहिल्या वर्षापासून घोटून घोटून शिकवलेलं होतं. कित्येक एजन्सींना तिने अशीच गुळगुळीत वाक्यं लिहून दिली होती आणि ती कधी कुणाला टोचली नव्हती. आज पहिल्यांदाच तिच्या वाक्याला कुणीतरी तिच्यासारखेच प्रश्न विचारत होतं. तिला राग आला, मग गंमत वाटली, आणि मग जरा लाज वाटली.

"ओटिम," ती म्हणाली, "लिही. ‘आम्ही न विचारता या माणसाचा फोटो वापरला. तो शेंगदाणे खात होता. चूक आमची आहे.’"

"मॅडम, तुम्हीच म्हणता कधी कबूल..."

"लिही!"

जाज्जांनी तेव्हा पहिल्यांदा चहाच्या कपाला हात लावला. "कागद ठीक आहे," ते म्हणाले. "पण हे पोरगं रविवारी कुळाच्या बैठकीला येऊन स्वतःच्या तोंडाने बोलेल. आमच्या भाषेत."

रविवारी ओटिमच्याच गाडीतून तिघे गेले. मागच्या सीटवर कालिब्बाला रस्ताभर ओटिमकडून वाक्य घोकून घेत होता. आंब्याखाली दीडेकशे माणसं बसली होती. ओटिम उभा राहिला, घामाने निथळला, आणि ‘मला क्षमा करा’ म्हणायच्या जागी ‘मला विसरा’ म्हणाला.

"कसं विसरू?" मागून एक म्हातारी ओरडली. "तुझा फलक आमच्या चर्चमधून दिसत होता!"

हशा पिकला. जाज्जांचाही झगा हलताना फ्लावियाने पाहिला. मग केळीच्या पानात वाफवलेलं जेवण आलं आणि ओटिमला इतकं वाढलं गेलं, की त्यालाच शिक्षा म्हणावं.

येताना म्पिगीजवळ गाडी थांबली, तशा फेरीवाल्यांनी खिडक्यांतून भाजलेल्या केळ्यांसोबत नाकतोड्यांची पाकिटं आत खुपसली. ओटिमने एका पाकिटाकडे पाहिलं. मग आरशातून मागे पाहिलं.

"खा रे बाबा," कालिब्बाला म्हणाला. "इतरांचं तोंड आम्ही कधी बांधलं? मी तिकडे बघतो." आणि त्याने तळहात उंच धरून अशी काही मान फिरवली, इतकी थोर, इतकी दुःखी, जणू राजाने नजराणा नाकारला.

ओटिमचा घास हातातच राहिला. फ्लावियाने त्याचे डोळे पाहिले.

"ओटिम. नाही."

"मॅडम, फक्त एक..."

"नाही म्हणते ना!"

"काय झालं?" कालिब्बालाने विचारलं. ओटिमने सांगितलं: नवा फलक, आणि त्यावर हाच हात, हीच फिरवलेली मान. कालिब्बालाने उंच धरलेला तळहात खाली घेतला. मग म्हणाला, "आणि मुकोनोचा तो बोलका हे बघेल?"

"वांडेगेयाहून जाणारा प्रत्येक जण बघेल."

फ्लावियाने गाडी परत जाज्जांकडे वळवायला लावली. जाज्जांनी तासभर विचार केला. कुळात कुणी खात नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा, एवढीच त्यांची अट होती. फ्लावियाने गाडीच्या बॉनेटवर करार लिहिला, कालिब्बालाला दोनदा वाचून दाखवला, आणि त्याने तिच्या दोन वाक्यांना हसून ती बदलून घेतली.

नव्या फलकावर कालिब्बाला तळहात उंच करून तोंड फिरवून उभा होता. खाली लिहिलं होतं: ‘नाकतोड्यांच्या कुळात नाकतोडे खात नाहीत. माझ्या वाटचे तुम्ही खा.’ त्यात एकही ‘सर्वांत’ नव्हता, त्यामुळे फ्लावियाला खोडायला काही मिळालं नाही आणि ती दिवसभर चिडचिडी होती.

पाकिटं धडाधड खपली. कालिब्बालाला आमंत्रणं इतकी आली, की मांडवात शिरताना तो नुसता हात उंच करायचा आणि माणसं आधीच हसायची. मुकोनोच्या बोलक्याने त्याला स्वतःच्या मुलीच्या समारंभाला बोलावलं.

महिन्याभराने जाज्जांचा फोन आला. फ्लावियाने आधी पेन हातात घेतलं.

"पोरी, फलक बघितला," ते म्हणाले. "कालिब्बाला बारीक दिसतो, पण असो. वेगळंच सांगायचंय. माशाच्या कुळातले लोक माझ्यावर रुसलेत."

"का, जाज्जा?"

"विचारतात, आमचा फलक कधी लावणार?"