वस्तादांनी जोडलेल्या तारा

"नजर गेली होती बिचाऱ्यांची. शेवटच्या कामात तारा उलट्या जोडल्या आणि स्वतःचंच मनगट मोडून घेतलं." वस्तादांच्या तेराव्याला आमचे शेजारी भगवानराव भर पंगतीत असे बोलले आणि जेवणाऱ्यांनी हळहळून माना डोलावल्या. हे साफ खोटे आहे, असे मी तिथल्या तिथे सांगितले. तेराव्याला भांडू नये, असा उपदेश मला करण्यात आला. म्हणून लिहितो आहे.

तेर गावात विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सारे वस्तादच म्हणत. मोटार समोर आली की मीटर पिशवीतच राही. वस्ताद गुडघे टेकून तिच्या झाकणाला नाक लावत. बघणारे हसत. "हसा, हसा," ते म्हणत, "जळकी मोटार आन् पिऊन आलेला जावई, दोन्ही वासावरच कळत्यात."

नम्रता त्यांना ठाऊक नव्हती, आणि मला ते आवडे. दुसऱ्या कारागिराने भरलेले मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांचे वायंडिंग उघडले की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "ही सुतळी कुणी गुंडाळली?"

मी सुतार. वडिलांची गोल करवत गोठ्यात गंजत पडली होती. ती म्हातारपणी पुन्हा उभी करण्याचा हट्ट मी धरला. टेबल घासले, पात्याला धार लावली, मोटार बसवली. बटण दाबले, तर ती नुसती घुमू लागली. पाते जागचे हलेना. भगवानराव तेव्हाही हजर होते. "जळाली, तात्या. मोडीत घाला."

वस्तादांनी वास घेतला, पट्टा उतरवला, दांडा बोटांनी फिरवून पाहिला. "मोटार निरोगी हाय. हिला तीन तारांची वीज लागती, हितं दोनच पोचत्यात. उपाशी माणूस उठंल कसा? ष्टार्टर उघडा." आतला एक पॉइंट काजळून गेला होता. पॉलिश पेपरने तो घासला, तारा नव्याने जोडल्या आणि पाते फिरू लागले.

तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की अशी मोटार उलटी फिरते. त्यामुळे पाते कोणत्या अंगाला फिरते हे पाहिल्याशिवाय वस्ताद चहाला शिवत नसत. त्या संध्याकाळीही पाहिले. पुढचे दात टेबलाकडे खाली उतरत होते, म्हणजे पाते सुलटे फिरत होते. मी बाभळीची फळी स्वतः चिरली. चहा त्यानंतर झाला.

रात्री वावटळ आली आणि गावाला वीज देणाऱ्या डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या तारा तुटल्या. सकाळी कुणीतरी त्या जोडल्या. वीज येताच वस्ताद काखेत फळी घेऊन हजर. "कारभारणीला पाट करून देतो, लई दिसाची बोलणी खातोय." पात्याला फळी टेकली मात्र, ती उसळली आणि त्यांच्या मनगटावर आदळली. पाते उलटे फिरत होते.

मनगट नीट बसले नाही. त्यानंतर त्यांनी मोटार उघडली नाही. माझ्या ओट्यावर येऊन बसत आणि विचारत, "तात्या, खरं सांगा. माझ्याच हातनं उलट्या जोडल्या गेल्या का वो?" नाही, मी डोळ्यांनी पाहिले आहे, असे मी दर वेळी सांगे. "तुमी दोस्त हाव. तुमच्या साक्षीला कोण इच्यारतंय?" ही शंका मनात घेऊनच ते गेले.

माझी साक्ष नको असेल, तर बाजूला ठेवा. तेराव्याहून परतताना भगवानरावांच्या पत्नी माझ्यासोबत होत्या. नवऱ्याच्या बोलण्याने त्या ओशाळल्या होत्या. मी वावटळीचा विषय काढला, तेव्हा त्या चालता चालता थांबल्या. "भाऊजी, त्या सकाळी आमची पिठाची गिरणी बी उलटी फिरत व्हती की. बाया दळण तसंच घिऊन माघारी गेल्या."

गिरणीची वीज त्याच डीपीवरून येते, आणि त्या गिरणीच्या मोटारीला वस्तादांचा हात कधीच लागलेला नव्हता.