सिरीयस आहेत, निघ

परवा सकाळी एक फोन मला करावा लागला...

आटगावजवळच्या आमच्या गावात काका वारले. त्यांची मुलगी सविता नोकरीला नाशिकला, खोलीवर एकटीच राहते. आत्याने मोबाईल माझ्या हातात दिला. "सिरीयस हायत, येवढाच सांग. पोर एकटी येनार हाय."

मी मुरबाडला शाळेत इंग्रजी शिकवतो. सिरीयस म्हणजे गंभीर, असं फळ्यावर लिहून देतो. पण आमच्याकडे माणूस गेला की लांबच्या लेकराला फोनवर हाच शब्द सांगतात. 'गेले' असं कुणी म्हणत नाही.

मला या रीतीची चीड आहे. सहा वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा मलाही असाच फोन आला होता. मी वेड्यासारखा शहापूरला उतरून त्यांच्यासाठी दोन शहाळी घेतली... अंगणात पोचलो तर तिरडी बांधणं चाललं होतं. पिशवी हातात घेऊन मी सगळ्यांसमोर उभा.

तो फोन याच काकांनी केला होता. पुढे दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही.

आपण कुणाला असं फसवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं. पण सविता "काय रे दादा?" म्हणाली आणि माझ्या तोंडून तेच निघालं... "काका सिरीयस आहेत. निघ." ती नुसतं "बरं" म्हणाली.

दुपारी तिला घ्यायला बाइकवरून शहापूरला गेलो. एसटीतून उतरली तेव्हा हातात फक्त पाण्याची बाटली होती. मी म्हटलं, सविता, मी खोटं बोललो गं.

"मला तवाच कळला, दादा. पन तू 'गेले' बोलला असतास तर मी तिथंच बसले असते. उठवायला कोन होता? सिरीयस बोललास म्हनून चप्पल घातली न् गाडी पकडली."

मग ती रडली. रस्त्याच्या कडेलाच, बराच वेळ.

काका, तुम्ही मला फसवलंत हेच मी सहा वर्षं धरून बसलो होतो. सख्खा भाऊ समोर निजलेला असताना तुम्ही आवाज हलू न देता तो एक शब्द कसा बोललात, ते परवा कळलं. मला तुम्ही घरापर्यंत आणलंत... हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.