सोमवार ते शुक्रवारची कुत्री

वांगणीला स्टेशनपासून लांब, भाताची शेतं सुरू होतात तिथं नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या एकीत पाचव्या मजल्यावर भावना राहायला आली, तेव्हा त्या मजल्यावर एकच दार उघडायचं, ते तिचं. बाकीच्यांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते, राहायला कुणी आलं नव्हतं. नवरा राजरत्न गुजरातेत दहेजला केमिकल कंपनीत होता. महिन्यातून एकदा यायचा, आला तसा जायचा.

भावना अंबरनाथ पूर्वेला एका लॅबमध्ये काउंटरवर बसायची. पण तिला पुन्हा दिवस गेले. पहिल्या वेळेस तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला आणि नोकरी सुटली. "पण घरात कोंडून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "सकाळी मोकळ्या हवेत चाला." सांगायला सोपं होतं. एकटीनं चालायचं तरी कुठवर? आई, गयाबाई, आदल्या वर्षीच गेली होती. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये भाऊ होता, प्रमोद. जीन्सच्या कारखान्यात कटिंगचं काम करायचा. "ये ना इकडे," असं तो फोनवर म्हणायचा खरा, पण त्याच्या एका खोलीत आधीच पाच माणसं होती. भावना हसून विषय बदलायची.

माघ संपत आला होता. सकाळी गारवा असायचा आणि दुपारी ऊन चावायला लागायचं. तिच्या खिडकीखाली लाल कौलांचं एक फार्महाऊस होतं. तिथली दोन कुत्री दिवसभर रडायची. भुंकणं नव्हे, रडणंच. एका सोमवारी तिला ते ऐकवेना. ती खाली उतरली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली.

आतून राखणदार किसन आला. जवळच्याच पाड्यावरचा, उतारवयाचा माणूस. "मालक शनवारी येत्यात, ताई," तो म्हणाला. "आठवडाभर ही दोघं अशीच. माझा गुडघा धरलाय, मी काय यांना फिरवनार?"

"मी नेऊ?"

किसननं तिच्या पोटाकडं बघितलं आणि नजर वळवली. "पाडतील तुम्हाला."

"बघू तर."

मोठा तांबडा कुत्रा बार्ली. किसन त्याला बाळ्या म्हणायचा. दुसरी चिकू, लहानखुरी, एक कान कायमचा पडलेला. बार्लीनं पहिल्या दहा पावलांतच असा हिसका दिला की भावनानं पट्टा सोडून दिला. तो धावत बांधापर्यंत गेला, मागं वळून बघितलं आणि तिथंच थांबला. ती पोचेपर्यंत थांबला. मग ती त्याला पट्टा लावायच्या भानगडीत पडलीच नाही.

त्या दिवसापासून सकाळ तिची झाली. बांधाबांधानं निघायचं, वालाच्या शेतावरून ओढ्याकडं. वाल निघत आला होता, राहिलेल्या शेंगा ती तोडून सोलून खायची. कुठं भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजलेला, त्याचा धूर जमिनीलगत रेंगाळायचा. ओढ्याच्या काठी पळस होता, पानं झडलेला, नुसता फुलांचा, आणि त्यावर मैनांचा कलकलाट. करवंदीच्या जाळीतून बारीक गोड वास यायचा. चिकू तिच्या पायाशी चालायची आणि बार्ली पुढं जाऊन खेकड्यांची बिळं उकरायचा. भावना त्यांच्याशी बोलायची. आधी हळू, मग आजूबाजूला कुणी नाही हे बघून मोठ्यानं. काल भात कसा करपला, राजरत्न फोनवर कसा पेंगत होता, आई असती तर आता काय म्हणाली असती. काही वेळा घरी परतल्यावर लक्षात यायचं, आज आपण माणसाशी एक शब्दही बोललो नाही.

एका सकाळी ती ओढ्याकाठच्या खडकावर बसली होती. चिकूनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं होतं. आणि पोटात काहीतरी हललं. पाण्यात मासा पलटी मारतो, तसं. भावना श्वास धरून बसली. पुन्हा हललं. तिनं राजरत्नला फोन लावला. वाजत राहिला, तो शिफ्टवर होता. प्रमोदला लावला. मागं मशिनींचा आवाज, "बोल, काय झालं? अर्जंट आहे का?" ती म्हणाली, "नाही, सहज." फोन ठेवून तिनं चिकूचा पडका कान उचलला आणि त्यात सांगितलं, "हललं गं." चिकूनं तिचा हात चाटला. भावनाला तिथं बसून खूप रडू आलं. आनंदाचं होतं की कसलं, तिचं तिलाही कळलं नाही.

शनिवारी मात्र गाडी यायची. गॅलरीतून तिला दिसायचं, बार्ली पाहुण्यांभोवती उड्या मारतोय, चिकू मालकीणबाईंच्या मागं मागं फिरतेय. एकदा ती दूध आणायच्या निमित्तानं फाटकावरून गेली. दोघांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गाडीकडं धावली. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी तो रविवार तिला फार लांब गेला.

होळीच्या आधी एका बुधवारी ती फाटकाशी गेली, तर गाडी उभी. साठीच्या एक बाई पायरीवर बसल्या होत्या. त्या मालकीणबाई, वृंदा.

"रोज नेणाऱ्या तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. "मी समजत होते किसन नेतो. आज त्यानं सांगितलं."

"न विचारता नेलं. चुकलं माझं."

"चुकलं कसलं. बसा. कितवा?"

"सहावा लागला."

वृंदाबाईंनी स्वतः सरकून तिला जागा दिली. फार्महाऊस विकलं होतं, त्या सांगू लागल्या. मुलांना इथं यायचा कंटाळा आला होता आणि नवऱ्याला आता गाडी चालवणं झेपत नव्हतं. मुंबईच्या सोसायटीत दोन कुत्री चालत नाहीत. मुरबाडकडं एका ओळखीच्यांची मोठी वाडी होती, तिथं दोघांना आजच सोडायचं होतं.

"एकीला तुम्ही ठेवाल का?" वृंदाबाईंनी विचारलं. "चिकूला. ती शांत आहे."

होय म्हणायला भावनाचे ओठ उघडलेसुद्धा. मग तिला पाचवा मजला आठवला, मध्येच बंद पडणारी लिफ्ट आठवली, हातात तान्हं आणि घरात दुसरं कुणी नाही, हे दिसलं. "नको," ती म्हणाली. "तिचे हाल होतील. दोघांची ताटातूट नको."

"मग शेवटचं फिरवून आणू या?"

दोघी ओढ्यापर्यंत गेल्या. वृंदाबाई एवढी वर्षं येत होत्या, पण फाटकाबाहेर कधी उतरल्या नव्हत्या. पळसाखाली उभं राहून त्या म्हणाल्या, "हे सगळं इथंच होतं का?" भावनानं त्यांना शेंगा सोलून दिल्या. दोघींनी खाल्ल्या. परतताना चढावर वृंदाबाईंनी तिचा हात धरला आणि फाटकापर्यंत सोडला नाही.

गाडी निघाली तेव्हा बार्ली मागच्या काचेतून बघत होता. चिकू खाली बसली असावी, ती दिसली नाही.

पुढचे दोन महिने भावना एकटीच चालली. ऊन वाढलं तशी ओढ्याऐवजी बांधापर्यंत, मग फाटकापर्यंत. बाळंतपणाच्या आधी प्रमोद येऊन तिला घेऊन गेला. त्या पाच माणसांच्या खोलीत तिच्यासाठी खरोखरच जागा झाली. वहिनीनं स्वतःचा पलंग दिला. मुलगी झाली. राजरत्न तिसऱ्या दिवशी पोचला आणि मुलीला हातात घ्यायला घाबरला. नाव राजसी ठेवलं.

वृंदाबाईंनी मुरबाडहून एकदा फोटो पाठवला होता, आंब्याखाली झोपलेल्या दोघांचा. भावनानं त्यांना मुलीचा पाठवला. त्यांनी लिहिलं, "गोड आहे." त्यानंतर दोघींनाही काही सुचलं नाही.

आता मुलगी चालायला लागली आहे. सकाळी भावना तिला बांधावर घेऊन जाते. पाड्यावरचं एखादं कुत्रं शेपूट हलवत जवळ आलं, की राजसी किंचाळून आईच्या पायाला मिठी मारते. भावना तिला उचलून घेते, कुत्र्याला हळूच "जा रे" म्हणते आणि ते दिसेनासं होईपर्यंत उभी राहते.