बिनमामाची पोर

सोनईच्या शिवेला राहणाऱ्या झुंबरबाईला रडायला बोलावणं यायचं. बाकीच्या बाया नुसत्या रडतात. झुंबरबाई हेल काढून मयताची अख्खी नाती मांडायची. आई कोण, मामा कुठला, कुणाच्या मांडीवर वाढलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नसायचा, पण ऐकणाऱ्याला कळायचं, गेलेलं माणूस कुणाचं तरी होतं.

तिचा नवरा आसाराम म्हणायचा, "मी मेल्यावर माझ्या बिड्या नको काढू त्यात."

"मंग आत्ताच सोडा," झुंबरबाई म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या साली ओढ्याकाठी सिनेमावाले उतरले. गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. पाटलाची लेक एका बंडवाल्या पोरावर जीव लावते, गोरा साहेब त्याला फासावर देतो, आन ती डोहात उडी घेते. तिच्या मयताभोवती रडायला बाया पाहिजे होत्या. गावानं झुंबरबाईला पुढं केलं.

तिरडीवर नटी डोळे मिटून पडलेली. कॅमेऱ्यामागच्या साहेबानं हात वर केला, तशा साऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. झुंबरबाई गप.

"बाई, रडा ना," साहेब म्हणाला.

"रडते की. हिच्या आईचं नाव काय?"

"हिला आई नाही."

"मेली का?"

"मेली असं नाही. गोष्टीत नाहीच ती."

"आन मामा?"

साहेबानं शेजारच्याकडं पाहिलं, शेजारच्यानं हातातल्या वहीत पाहिलं. वहीतही मामा नव्हता.

"अशी कशी वो पोर तुमची?" झुंबरबाई म्हणाली. "गड्यापायी जीव दिला तिनं, आन तिला मामाचं गाव न्हाई? मी रडू कुनाच्या नावानं?"

तिरडीवरच्या नटीनं एक डोळा उघडला. "मावशी, तुम्हीच ठेवा एखादं. मला ऊन लागतंय."

झुंबरबाईनं जरा विचार केला. आई मनकर्णा, मामा श्रीगोंद्याचा, असं ठरवून तिनं हेल काढला. मनकर्णेची लेक ओली होऊन घरी आली, आता श्रीगोंद्याचा मामा चोळी घेऊन दारात उभा राहील, त्याला काय सांगू गं बाई. दिवेवाले गडी हातातलं सोडून उभे राहिले. मेलेल्या नटीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, म्हणून साहेबाला तेवढं परत घ्यावं लागलं.

पुढं दुष्काळ पडला. सारं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. तशात सोनईच्या बाजारात तंबू लागला आन तोच सिनेमा आला. दिवेलागणीच्या खेळाला गावच्या साऱ्या बाया झुंबरबाईला मधी घेऊन बसल्या.

शेवटी तिरडी आली. पडद्यावर झुंबरबाईचं तोंड हे एवढं मोठं दिसलं. ओठ हलले, पण ऐकू आलं ते फिडलचं वाजणं.

"झुंबरे, तुझा आवाज कुठंय गं?" शेजारची केशरबाई कुजबुजली.

"कापला मेल्यांनी."

"तोंड तरी आलं."

"तोंडाला काय करायचं? पोर बेवारशी चालली की."

तिरडी उचलायला गडी पुढं आले. आता थांबून चालणार नव्हतं. झुंबरबाईनं बसल्या जागी पदर सावरला आन हेल काढला. "मनकर्णेच्या लेकी गं..." मागून कुणीतरी "ए बाई, गप बस" म्हणालं. मग तोही गप झाला. मशीनवाल्या दाऊदनं फिडलचा आवाज पार बारीक केला. श्रीगोंद्याचा मामा चोळी घेऊन आला, दारात उभा राहिला, आन तिरडी ओढ्याच्या वळणाआड गेली. मग झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं आन केशरबाईकडं तंबाखू मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाऊद सायकल मारीत खडीच्या कामावर आला.

"मावशी, आजबी याल का? तिकीट नको. लोक इचारत्यात."

"कशाला?"

"रडायला."

"एका मयताला एकदाच रडत्यात, बाबा," झुंबरबाई म्हणाली. "झालं तिचं."

तिनं पुढचा धोंडा पायाशी ओढला आन हातोडा उचलला.