लांबून काढलेला वावराचा फोटो

पत्रकं लिहिणाऱ्याला एक वाईट खोड लागते. एका माणसावरच्या अन्यायानं त्याचं भागत नाही, त्याला अख्खं गाव एका पानात बसवायचं असतं. पारशिवनीकडच्या त्या फोटोत मला ही खोडच नडली.

धरणाखाली जाणाऱ्या गावांची मोजणी झाली, तेव्हा तिथल्या एका मावशीचं वावर कागदावर ‘पडीक’ लागलं. बदली जमीन फक्त कसणाऱ्याला मिळणार होती. आणि तिच्या वावरात कमरेच्या वर ज्वारी उभी! मोजणीवाले चावडीवर चहा पिऊन परत गेले, वावरात कुणी पाय ठेवला नाही. मी खवळलो. मथळाही ठरवून टाकला: ‘ही जमीन पडीक?’

माझा एक मित्र धरमपेठेतल्या फोटो स्टुडिओत कामाला होता. त्याचे घरचे हातमागावर लुगडी विणायचे. त्यानं मालकाची हातभर लांब लेन्स मागून आणली. नदीपलीकडच्या टेकडीवरून गावाची सगळी वावरं एका फोटोत घ्यायची, हा हट्ट माझा.

टेकडीवर जाण्याआधी मावशी म्हणाली, “मी मधात उभी राहू का?”

“नको मावशी. तुम्ही दिसलात तर म्हणतील, मुद्दाम उभं केलं.”

“माह्याच वावरातून मले काहून हाकलून राहिला गा?” ती हसली आणि बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसली.

वर मित्रानं लेन्समधून पाहिलं. “काय पट्टे आले बे! आमच्या मागावरचं लुगडंच.” मग म्हणाला, “खाली जाऊन एक साधा पण काढू. मावशीले घेऊन.”

“मला पुरावा पाहिजे. लग्नाचा फोटो नको.”

हे मी बोललो. मीच.

मोजणीच्या साहेबांची भेट मिळायला तीन आठवडे गेले. मी मावशीला घेऊन गेलो. साहेबांनी फोटो हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला. “छान आहे. याची वरची बाजू कुठली?”

चिडायला निघालो, पण चिडणार कुणावर? लांब लेन्सनं मधलं अंतर सगळं खाऊन टाकलं होतं. पाच वावरं एकमेकांवर चढलेली, बांध गायब, नुसते काळे, करडे, पांढरे पट्टे. ज्वारी कुठली, गवत कुठलं, नदीची रेती कुठली, काही कळेना.

“बाई, यात तुमचं शेत दाखवा.”

मावशीनं बोट ठेवलं. उचललं. दुसरीकडे ठेवलं. “हे असन... नाही, हे तं नदी होय.” तिनं माझ्याकडे पाहिलं. मलाही सापडत नव्हतं.

“पीक उभं आहे का अजून? माणूस पाठवतो.”

“कापलं ना साहेब. पाखरायसाठी ठेवाचं होतं का?”

साहेबांनी फोटो परत केला. ‘पडीक’ तसंच राहिलं.

स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो. मी अपील, मोर्चा, नवं पत्रक असं काहीबाही बोलत होतो. ती ऐकत नव्हती. तिनं फोटो मागून घेतला.

“याचं काय करता मावशी? यात काही दिसत नाही.”

“असन ना इथंच कुठं,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी उभी राहिली असती, तं सापडलं असतं गा.”

गाडी लागली. ती फोटो पदराखाली धरून चढली.